हळद जाळत नाहीत

१२ जून १९३६
वाडीत पोचलो. कुरुंद्याच्या पलीकडे दोन कोस, बैलगाडीने. पाठीची वाट लागली. खोली करीमभाई मोमिनांच्या घरात. ते विणकर, पुढच्या खोलीत माग, दिवसभर खटखट. मागे अंगण आणि विहीर. विहीर चांगली आहे. बाकी कशाबद्दल चांगलं लिहावं असं काही दिसलं नाही.

खिशात परभणीच्या मोठ्या साहेबांचा हुकूम: हळदीचा गड्डा कुजवणाऱ्या माशीचा तपास करून अहवाल पाठवणे. म्हणजे निकाल आधीच लागलेला, तपास मी मागाहून करायचा. माशीच कुजवते असं पत्रकही त्यांनी छापून वाटलं आहे. यापुढे त्यांना मो.सा. लिहीन. पूर्ण लिहिण्याइतका आदर शिल्लक नाही.

माझं म्हणणं उलटं. आधी बुरशी गड्ड्यात शिरते, गड्डा सडतो, त्या वासावर माशी येऊन अंडी घालते. शेतकरी गड्डा उकरतो तेव्हा त्याला अळी वळवळताना दिसते, बुरशी दिसत नाही. मो.सा.नाही दिसत नाही. हे त्यांच्या तोंडावर बोललो, म्हणून आज इथे.

१५ जून
जागेसाठी हिंडलो. आबारावांकडे आधी गेलो. सगळ्यात मोठी जमीन त्यांची, ओढ्याच्या बंधाऱ्यालगत, पाटाचं पाणी पहिलं त्यांना. ऐकून घेतलं, पान खाल्लं, म्हणाले, "हळदीत सरकार काहून आलं आता?" जागा दिली नाही.

पाटाच्या पार शेपटाला सोजरबाईंचं शेत. विधवा, पन्नाशीच्या आतबाहेर, दोन गड्यांच्या बरोबरीने स्वतः वाफ्यात उभ्या. लागवड चालू होती. म्हणाल्या, "कोपरा घ्या. पन माझ्या बेण्याला धक्का लागला तर तुमी हाव आन् मी हाव." बेणं म्हणजे लावायचे गड्डे. त्यांचं बेणं वेगळं आहे. लग्नात पुसेगावच्या आईने ओटीत पाच ओले गड्डे घातले होते, त्याचं वाढवत वाढवत आता एकरभर. गड्डा लहान, आत शेंदरी, वास असा की हात धुतला तरी संध्याकाळपर्यंत राहतो. आई वारली, पुसेगावच्या त्या शेतात आता कापूस. हे बेणं जगात दुसरीकडे कुठेच नाही. वाडीतल्या प्रत्येक नवरीला हळद यांच्याच घरची लागते.

कुंड्यांसाठी बारा गड्डे मागितले. काय करणार विचारलं. वाढवीन आणि मग कापून आत बघीन म्हणालो.  मग बारा निवडून दिले, एकेक हातात तोलून.

१९ जून
मांडणी पुरी झाली. (१) सोजरबाईंच्या कोपऱ्यात चार वाफे. दोन उघडे, दोहोंवर बांबूचा सांगाडा आणि करीमभाईंच्या मागावरचं झिरझिरीत कापड. आत माशी जाणार नाही. (२) खोलीमागे बारा कुंड्या. माती कढईत भाजून घेतलेली, म्हणजे बुरशी मेली. पाणी फक्त विहिरीचं. यांच्यावर मी माश्या मुद्दाम सोडणार.

पडद्यातली हळद माशीशिवाय कुजली आणि कुंडीतली माशी असूनही टिकली तर मो.सा.नी पत्रक परत गिळायचं. एवढंच.

माती भाजताना करीमभाईंच्या घरचे दारातून बघत होते. कापड बांधायला करीमभाई स्वतः आले, म्हणाले, "क्या साब, हल्दी को परदे में बिठारे?" वाडीभर झालं आता ते.

९ ऑगस्ट
पाऊस ठीक. हळद गुडघ्याएवढी. मला नाव पडलं आहे, माशीमास्तर. आज माश्या धरत बांधावर पालथा पडलो होतो. लांब तंगड्यांची काळी माशी, पंखावर पांढुरके ठिपके, मुंगीसारखी चालते. वरून आबारावांचा गडी ओरडला, "मास्तर, एक आमच्या घरून बी न्या, लई हायेत!" दगड मारावासा वाटला. मारला नाही. माश्या सात मिळाल्या, सगळ्या कुंड्यांवर मिळून एक जाळी घालून आत सोडल्या.

२८ ऑगस्ट
कुंड्यांतल्या माश्या नुसत्या बसतात. पानावर, काठावर. मातीत अंडी दिसतात पण अळी धरत नाही. निरोगी गड्ड्यात त्यांना शिरताच येत नसावं. थांबू. घाई मो.सा. करतात.

सोजरबाईंनी भाकरी आणि ठेचा पाठवला. फडक्यात बांधून, निरोप नाही. छान होता.

७ सप्टेंबर
आबारावांच्या शेतात कूज निघाली. एक पट्टा, जेमतेम चार वाफे. शेंड्याकडून पिवळी पानं, पोंगा ओढला की बुडासकट हातात, खाली लगदा. मी तिथल्या तिथे सांगितलं, पट्टा सगळा उपटा आणि रॉकेल टाकून जाळा. आजच.

दहा-बारा माणसं जमली होती. आबाराव म्हणाले, "उपटू. जाळायचं मातर जमणार न्हाई."

"काहून?" त्यांच्याच बोलीत विचारलं, खिजवायला.

"हळद हाय ती साहेब. नवरीच्या अंगाला लावतो आमी. हळद जाळत असत्यात व्हय?"

मी म्हणालो, ही हळद राहिली नाही, ही घाण आहे. खुरपणाऱ्या बायका उठून बांधाच्या पलीकडे गेल्या. आबाराव मख्खासारखे उभे. माझं डोकं फिरलं. डोक्यावर ऊन, पायात चिखल, दोन महिने ती मास्तर-मास्तर. ओरडलो, "नका जाळू! डोक्यावर घेऊन नाचा! काय करायचं ते करा, उद्या मला या शेतात एक सडका गड्डा दिसता कामा नये."

"बराबर," आबाराव म्हणाले. "शेतात न्हाई दिसणार."

८ सप्टेंबर
पट्टा साफ. खणून, माती उलथून, वर चुनाही टाकला आहे. एक गड्डा नाही. आरडाओरडा केल्याशिवाय या लोकांकडून काम होत नाही, हे लिहून ठेवतो. गड्डे कुठे गेले ते विचारलं नाही.

१६ सप्टेंबर
बारा दिवस पाऊस नाही. पाट सोडला. पाळ्या ठरलेल्या: आधी आबाराव, मग मधली पाच शेतं, शेवटी सोजरबाई. त्यांची पाळी येईपर्यंत पाणी मंद होतं, वाफ्यात पसरून उभं राहतं. माझ्या चारही वाफ्यांना तेच मिळालं. त्या खुश. "शेवटच्याला गाळ मिळतो साहेब, गाळ चांगला असतो."

२४ सप्टेंबर
तीन दिवस तापाने पडून. कुंड्यांना करीमभाईंनी पाणी घातलं. आज उठलो. तोंड कडू. मो.सा.चं पत्र: किती माश्या मारल्या त्याचा तक्ता पाठवा. तक्ता!

५ ऑक्टोबर
सोजरबाईंच्या शेतात पिवळेपणा. पाणी जिथून शिरतं त्या तोंडाशी सुरू, आणि पाणी जसं जातं तसं आत. मधल्या पाच शेतांतही थोडं थोडं, कडेकडेने. त्यांनी विचारलं, "पानं काहून पिवळी पडून राहिली?" मी म्हणालो, बघतो.

९ ऑक्टोबर
पडद्यातला वाफा उघडला. पानं पिवळी. पोंगा ओढला, हातात आला. गड्डा उकरला, काळपट लगदा, तोच आंबूस वास. भिंग लावून अर्धा तास बघितलं. एक अळी नाही. एक अंडं नाही. दुसरा पडदा, तेच. माशीचा संबंध नाही! बुरशी एकटी पुरते! हातातला तो घाणेरडा गोळा घेऊन मी मोठ्याने हसलो, बहुतेक उडीही मारली.

मागे सोजरबाई उभ्या होत्या. किती वेळ, माहीत नाही.

"तुमी हसून राहिले साहेब?"

 माझं म्हणणं खरं ठरलं असं म्हणालो. त्यांनी माझ्या हातातल्या गड्ड्याकडे बघितलं आणि शेताकडे बघितलं.  भाकरी आली नाही आज. येऊ नये हेच बरोबर.

१२ ऑक्टोबर
निम्मं शेत गेलं. रोज पुढे सरकतंय. मी सांगतो पाणी तोडा, चर खणा. खणतात. उपयोग नाही. एक प्रश्न आहे ज्याच्याकडे मी आठवडाभर बघायचं टाळतोय: बुरशी आली कुठून? बेणं त्यांचंच, तीस वर्षांचं निरोगी. या शेतात कूज आधी कधी नव्हती. सुरुवात पाण्याच्या तोंडाशी.

२७ ऑक्टोबर
दसरा झाला. पाटाच्या काठाने वर चालत गेलो. आबारावांच्या शेताखाली पाट वळतो तिथे उंबर आहे, वळणावर पाणी संथ. वाडीतलं निर्माल्य तिथे सोडतात. नवरात्राच्या माळा, जुना फुटका टाक, नारळाची शेंडी. त्याखाली, उंबराच्या मुळांत अडकलेले, हळदीचे गड्डे. टोपल्याच्या टोपल्या. बहुतेकांचा नुसता चिखल झालेला, पाण्यात पिवळट तवंग. काही वरच्या कपारीत कोरडे होते. त्यांवर कुंकू लावलेलं अजून दिसत होतं.

काठावर बसलो. 

२८ ऑक्टोबर
आबारावांकडे. भांडायचंच म्हणून गेलो, वाटेत शब्द जुळवत. ते मात्र शांत होते. "तुमीच सांगितलं, काय करायचं ते करा. जाळत न्हाई, फेकत बी न्हाई आमी हळद, कुनाचा पाय पडंल. देवाचं जुनं काय निघालं की पान्यात सोडतो. बायकांनी कुंकू लावून मान राखून सोडली. चुकलं का?"

"ते पाणी खाली सगळ्यांच्या शेतात जातं!"

"पानी समद्याला पवित्र करतं म्हनत्यात." मग त्यांनी वळून पाटाकडे बघितलं. हिशोब त्यांच्याही डोक्यात बसला. चेहरा उतरला. "सोजरकाकूंचं समदं गेलं का?"

मी म्हणालो, जवळजवळ.

"तुमी त्या दिवशी सांगायचं व्हतं, पान्यात बी नका टाकू म्हून. आमी जिमिनीत पुरली असती. खोल." आवाज चढला त्यांचा. "पन तुमाला नाचा म्हनायचं व्हतं!"

 एक वाक्य जास्त बोललो असतो त्या दिवशी, शिवी न देता. पुरा, एवढा एक शब्द.

३० ऑक्टोबर
सोजरबाईंना मी स्वतः सांगितलं. दुसऱ्याकडून कळण्याआधी. उभ्याउभ्याच. आबारावांचं नाव मधे आणायचा मोह झाला, थोडं आणलंही. त्यांनी हात वर करून थांबवलं.

"म्हंजी माशी न्हाई."

"नाही."

"मग माझ्या हळदीला लागलं ते तुमी."

आणि खुरपं उचलून वाफ्यात गेल्या. मेलेल्या वाफ्यात. बुरशीच लागली, मी नाही, असं शास्त्र म्हणतं. त्यांचं वाक्य शास्त्रापेक्षा बरोबर आहे आणि त्याचा मला राग येतो. त्यांचा, आबारावांचा, माझा, कोणाकोणाचा ते नीट निवडता येत नाही.

१८ नोव्हेंबर
कुंड्या. बाराच्या बारा हिरव्या. पुराव्याची दुसरी बाजू हीच: माशी आहे, अंडी आहेत, कूज नाही. पण आत बघितल्याशिवाय तसं लिहिता येत नाही. सहा उपटल्या आणि कापल्या. पाच स्वच्छ, शेंदरी, वास असा की खोली भरली. अळीचं भोक नाही. सहाव्याच्या गाभ्यात तांबूस ठिपका, मोहरीएवढा. अळी नाही. ठिपका कशाचा? कूज सुरू होताना असाच दिसतो. मार लागला तरी असाच दिसतो.

माती भाजलेली. पाणी विहिरीचं. मग?

करीमभाईंना विचारलं, मी तापात होतो तेव्हा पाणी कुठलं घातलंत? मागावरून मान न उचलता म्हणाले, "कुएँ का." मग खटखट थांबली. "एक दिन रस्सी टूट गई थी साब. दो घागर पाट से लाया. पौधे सूख रहे थे ना."

मी नको ते बोललो. त्यांच्या घरात, त्यांच्या मागासमोर. त्यांनी ऐकून घेतलं. "आपने बोला था क्या, पाट का नहीं?" एवढंच म्हणाले.

बोललो नव्हतो. "फक्त विहिरीचं" हे या वहीत लिहिलं होतं. त्यांना वाचून कोण दाखवणार?

३ डिसेंबर
मो.सा. मोटारीने आले. बूट चिखलात घालायला तयार नाहीत, बांधावरूनच सगळं. पडद्याचं कापड चिमटीत धरलं, खिशातली पेन्सिल काढली आणि टोक कापडातून आरपार घातलं. "इससे मक्खी नहीं जाएगी?" पेन्सिलीचं टोक जोर लावून घातलं तर जाईलच. माशी जोर लावत नाही. तसं म्हणालो. बरोबरचे कारकून हसले, मो.सा. नाही.

कुंड्या बघितल्या. कापलेल्या सहांचे तुकडे बाटलीत दाखवले. "बाक़ी छह?" कापणार आहे म्हणालो. "काटिए. बारह यानी बारह. छह पर राय नहीं बनती. और वह एक दाग़ किस चीज़ का है, वह भी लिखिए." या एकाच गोष्टीत त्यांचं बरोबर आहे. सहावर मत बनत नाही. मीही दुसऱ्याला हेच म्हणालो असतो.

जाताना सोजरबाईंच्या शेताकडे हात करून, "यह सब मक्खी ने किया?" मी म्हणालो, नाही साहेब, मी केलं. त्यांना उद्धटपणा वाटला. मोटार गेली.

१९ जानेवारी १९३७
हळद काढणी. वरच्या शेतांत कढया लागल्या, उकळत्या हळदीचा वास इथपर्यंत. आबारावांचा तो पट्टा सोडला तर बाकी सगळं उत्तम आलं आहे. मधल्या पाचांचं थोडं गेलं, बरंचसं राहिलं. सोजरबाईंच्या एकरातून दोन टोपल्या. तेही चिरमुटलेले, बुडाशी काळे. बेण्याला एकही घेण्यासारखा नाही. मी लांबून बघितलं. शेतात पाय ठेवायला मला मनाई आहे, तोंडाने सांगितलेली नाही, पण आहे.

आबारावांनी बेण्याची दोन पोती त्यांच्या दारात उतरवली. त्यांनी परत पाठवली. गड्याने सांगितलं त्यांचं बोलणं: "हे बेनं कुटं बी भेटतं. ते भेटत न्हवतं."

२ फेब्रुवारी
वाडीत लग्न. नवरीची आई सोजरबाईंकडे हळद मागायला आली, रिवाजाने. करीमभाईंच्या दारावरून गेली, तशीच रिकामी परत आली. थोड्या वेळाने आबारावांच्या घराकडे वळली. मी खिडकी लावून घेतली.

८ फेब्रुवारी
अहवालाचा तक्ता आखला. कुंडी क्रमांक, माश्या सोडल्या तो दिवस, पानांची स्थिती, आणि शेवटचा रकाना: आत पाहिले असता. सहांपुढे भरलं. सहा रिकामे.

राहिलेल्या कुंड्यांची पानं वाळून पडली, आता गड्डे काढायचे. पाटीवर ओळीने मांडायचे, चाकू, भिंग, बाटल्या. तासाभराचं काम. निकाल लागतो, मो.सा.चं तोंड बंद. सोळा वर्षं नोकरी, पहिल्यांदा काहीतरी स्वतःचं.

चाकूला धार लावून आणली. लावून आणली आणि बसून राहिलो. हे गड्डे सोजरबाईंच्या आईचे आहेत. जगात आहेत ते एवढेच, माझ्या सहा कुंड्यांत. आतून निरोगी असतील तर पुन्हा एकर होईल, दहा-पंधरा वर्षांनी. आत ठिपका असेल तर मी त्यांच्या अंगणात दुसऱ्यांदा सड नेऊन लावणार. कोणतं, ते कापल्याशिवाय कळत नाही. कापलेला तुकडा लावता येतो, पण जखमेतूनच बुरशी शिरते, हे मीच वाडीभर ओरडून सांगितलं आहे.

९ फेब्रुवारी
कुंड्या उचलून नेल्या. दोन-दोन, तीन खेपा, भर दुपारी, चावडीवरून. "माशीमास्तर हमाली करून राहिला," कोणीतरी म्हणालं. पाठ मोडली.

सोजरबाई अंगणात.  तिसऱ्या खेपेला सगळ्या ओळीने ठेवल्या तेव्हा उठून जवळ आल्या. "माझ्या बेन्याचे?"

"हो. बारा होते, सहा कापले. हे सहा."

"आत कसं हाय?"

"माहीत नाही." सगळं सांगितलं. रस्सी, दोन घागरी, ठिपका.

"मंग कापून बगा की."

"कापलं तर तुमच्या कामाचं राहणार नाही."

 "तुमाला ठावं न्हाई," त्या म्हणाल्या, "आन् तुमी कापलं बी न्हाई." यात आश्चर्य होतं, दुसरं काही नव्हतं. मी एक कुंडी सावलीला सरकवायला वाकलो.

"ऱ्हाऊ द्या. हात नका लावू."

२६ मार्च
अहवाल गेला. लिहिलं: कुजीस माशी कारण नव्हे, बुरशी कारण. खालच्या शेतांत कूज पाटाच्या पाण्याने पसरली. पाण्यात सडके गड्डे माझ्या तोंडी सूचनेमुळे पडले, शेतकऱ्यांचा दोष नाही. शेवटच्या रकान्यात सहा घरं कोरी. कारण लिहिलं नाही. काय लिहिणार?

३० एप्रिल
उत्तर आलं. अपुऱ्या पुराव्यावर मत ग्राह्य नाही. माशीचं पत्रक कायम. स्वतःच्या सूचनेने नुकसान झाल्याची कबुली दप्तरी घेतली आहे. तेवढी मात्र ग्राह्य! बदलीचा हुकूम सोबत, वीस दिवसांत हजर होणे.

१५ मे
अक्षय तृतीया झाली. सोजरबाई आज लावणार असं करीमभाईंच्या बायकोने सांगितलं. गेलो. कुंपणाबाहेर उभा राहिलो, मग आत गेलो.

शेतात नाही, अंगणातच, चुलीची राख आणि पोयटा मिसळून एक वाफा. पाणी घागरीने, करीमभाईंच्या विहिरीचं. घागर त्यांनी स्वतः आणलेली, दोर स्वतःचा नवीन. इतके दिवस वाळूत ठेवलेले गड्डे काढले, सहाच्या सहा बाहेरून टणक. हात पुढे केला, माती सारखी करून द्यावी म्हणून.

"तुमचा हात नको."

मी मागे घेतला. त्यांनी सहा लावले, वरून पालापाचोळा, पाणी. मग हात धुतले आणि पहिल्यांदाच आपणहून विचारलं, "किती दिसांत वर येतं तुमच्या हिशोबानं?"

"वीस. उशिरात उशिरा तीस. कुजलं असेल तर येत नाही."

"आन् वर येऊन मंग कुजलं?"

"तेही होतं."

मान हलवली. आत गेल्या, परत आल्या नाहीत. दार उघडं होतं, पण ते माझ्यासाठी नसावं.

१८ मे
सामान बांधलं. करीमभाईंशी नोव्हेंबरपासून नीट बोलणं नव्हतं. आज मीच विषय काढला. पत्र लिहाल का, उगवलं की? त्यांना मराठी लिहिता येत नाही, मला त्यांचं लिहिलेलं वाचता येणार नाही. विचार करून म्हणाले, "पत्ते का एक टुकड़ा लिफ़ाफ़े में डाल दूँगा. बाई ने तोड़ने दिया तो." नव्या ठिकाणचा माझा पत्ता लिहून लिफाफा देऊन ठेवला. पडद्याचं कापड धुऊन परत केलं. त्यांनी ते उजेडापुढे धरलं, पेन्सिलीचं भोक बोटाने चाचपलं आणि सुईदोरा आणायला उठले.

सोजरबाईंच्या घरावरूनच गाडी गेली. वाफ्यावर करवंदीचे काटे टाकले आहेत, कोंबड्या येऊ नयेत म्हणून. त्या दिसल्या नाहीत.

१४ जून
नवं ठिकाण. काम कापसाचं, साहेब आणखी एक. ओलावा सगळीकडे, वहीची पानं चिकटताहेत.

आज तिसावा दिवस. टपाल आलं. मो.सा.च्या पत्रकाची नवी आवृत्ती, माशीचं चित्र रंगीत. लिफाफा नाही. गड्ड्याला पान फुटलं नसेल. किंवा फुटलं असेल आणि बाईंनी तोडू दिलं नसेल. सहांपैकी एखाद्याचं पान माझ्यासाठी त्यांनी का तोडू द्यावं?

वाडीहून टपाल कुरुंद्यापर्यंत पायी येतं, ओढ्याला पाणी असलं तर अडतं. इथे आठवड्यातून दोनदा वाटतात. आता गुरुवारी.